‘नेहमीच्या सर्व्हरवर जा’ : टीममधली लिखापढी जिवंत कशी ठेवायची?

रात्रपाळी | सोमवार, रात्री १०:४०

मंडळी, गेल्या शनिवारी रात्री पावणेदोनला फोन वाजला. ऑन-कॉल, म्हणजे रात्री बिघाड झाला तर फोन घेणारा, मीच होतो. आमच्या बिलिंगच्या एका अंतर्गत सेवेचं सर्टिफिकेट (सर्व्हरचं मुदतीचं डिजिटल ओळखपत्र) संपलं होतं आणि तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं एकामागोमाग एक झोपत होतं. हे सर्टिफिकेट वर्षातून एकदा बदलावं लागतं. दरवर्षी ते काम टीममधले एक सीनिअर करायचे. ते मार्चमध्ये दुसरीकडे गेले. मुद्दाम सांगतो, माणूस जबाबदार. जाताना सगळं लिहून ठेवलेलं. विकीवर (टीमने मिळून लिहायच्या अंतर्गत वेबसाइटवर) पान आहे, सात टप्पे आहेत, स्क्रीनशॉट आहेत, बाण काढलेले आहेत.

चौथा टप्पा : ‘नेहमीच्या सर्व्हरवर लॉगिन करा.’

आता नेहमीचा म्हणजे कुठला? मी तीन सर्व्हर पालथे घातले. अडीच वाजता लाज गुंडाळून त्यांनाच फोन लावला. ते भाच्याच्या हळदीला गावी. मागे डीजे. म्हणाले, “अरे, तो सर्व्हर आपण दिवाळीतच बंद केला ना! स्क्रिप्ट आता दुसरीकडे आहे, थांब सांगतो.” गाडा रुळावर यायला पाच वाजले.

आमची टीम नऊ जणांची. दोन वर्षांपूर्वी आम्ही अख्खा आठवडा ‘डॉक्युमेंटेशन वीक’ केला होता, पिझ्झे मागवून. तेव्हाची ३४० पानं विकीवर आहेत. रविवारी बसून मोजली, तर गेल्या वर्षभरात हात लागलेली पानं निघाली ४१. म्हणजे न लिहिण्याचा आजार आम्हाला नाही. लिहिलेलं कुजतं, हा आहे. त्यावर तुमच्याकडे काय करतात? आयटीतलेच अनुभव हवेत असं नाही.

चिवडा_लाडू | सोमवार, रात्री १०:५२

हळदीत डीजे चालू असताना सर्व्हरचं नाव ऐकू आलं हाच चमत्कार. खुर्ची टाकून बसलोय.

उंटावरचा_शहाणा | सोमवार, रात्री ११:१५

विकी फेकून द्या. कोडच्या शेजारी, त्याच रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) साध्या मजकुराची मार्कडाउन फाइल ठेवा. कोड बदलणाऱ्या पीआरमध्येच (पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल मंजुरीला पाठवायचा प्रस्ताव) दस्तऐवज बदलला नसेल तर रिव्ह्यू करणाऱ्याने पीआर अडवायचा. संपला विषय. विकी हा शब्दच मुळात हवाई बेटांवरचा, अर्थ ‘झटपट’. १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅमने पहिली विकी काढली तेव्हा होनोलुलू विमानतळावरच्या बसच्या नावावरून हे नाव घेतलं. तेव्हा लिहायला झटपट, एवढंच वचन होतं. लिहिलेलं पुढे सापडेल किंवा खरं राहील असं कोणी म्हटलं नव्हतं.

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:३१

शहाणे, अर्धं पटलं. पण आमच्या केसमध्ये कोड बदललाच नव्हता हो. सर्व्हर बंद केला तो इन्फ्राच्या (सर्व्हर सांभाळणाऱ्या) टीमने, त्यांच्या टिकटवर (कामाच्या नोंदीवर). तुमच्या पीआरला ते कळणार कसं?

केटी_पीडित | मंगळवार, सकाळी ८:०५

कोणी बोलत नाही ते मी बोलतो. मागच्या कंपनीत मला सांगितलं, सगळं लिही, केटी (नॉलेज ट्रान्सफर, म्हणजे आपलं काम दुसऱ्याला शिकवणं) दे. दिली. सहा आठवडे, चौदा तासांची रेकॉर्डिंग. सातव्या आठवड्यात एचआरचं बोलावणं आलं. आता मी लिहितो, पण मीठ घालत नाही. तुमच्या सीनिअरचा ‘नेहमीचा सर्व्हर’ वाचून मला वाटलं, आपल्यातलाच दिसतोय.

गंमत पुढेच आहे. माझ्या जागी आलेल्या पोराने चार महिन्यांनी लिंक्डइनवर मेसेज केला, “सर, रेकॉर्डिंग उघडत नाहीत.” उघडणार कशी? मायक्रोसॉफ्ट टीम्सवरच्या रेकॉर्डिंगला मुदत असते, कोणी बदलली नाही तर १२० दिवस. चौदा तास आपोआप पुसले गेले होते आणि ते बघितले कोणीच नव्हते.

सातबारा | मंगळवार, सकाळी ९:४०

केटी_पीडित, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण सीनिअरवर शंका घेऊ नका. लिहिताना त्याला ‘नेहमीचा’ हा शब्द खटकलाच नसणार. आपल्या घराचा पत्ता सांगताना आपण ‘देवळाच्या मागे’ म्हणतो, कुठलं देऊळ ते सांगतो का?

माझे वडील तलाठी होते. (आता त्या पदाला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, आमच्या गावाला अजून पत्ता नाही.) मी नाशकात कोड लिहिते. आमच्या टीममध्ये मी जे करून घेतलं ते थेट वडिलांच्या कपाटातून उचललंय. जमिनीची आज काय स्थिती आहे ते सातबाऱ्यावर : गाव नमुना ७ आणि १२. ती स्थिती अशी का झाली ते गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत. खरेदी झाली, वारस लागले, बोजा चढला, की आधी फेरफार धरायचा. संबंधितांना नोटीस जाते, हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो, आणि मगच सातबाऱ्याला हात लागतो. जुन्या खातेदाराचं नाव खोडायचं नाही, त्याला कंस करायचा. शेजारी फेरफाराचा नंबर. पन्नास वर्षांनी कोणी भांडत आलं तर नंबर बघून वही उघडायची.

आपल्या विकीत या दोन वह्यांची खिचडी असते. एकाच पानावर आजचे टप्पे, त्यातच ‘२०१९ मध्ये आपण असं ठरवलं होतं कारण...’, आणि खाली कोणाची तरी शंका. पहाटे तीनला उठलेल्या माणसाला सातबारा हवा असतो, त्याच्या हातात पडते फेरफार वही.

भोसरी_शॉपफ्लोअर | मंगळवार, दुपारी १:१०

सातबारा, क्या बात है! कंसाचं फार आवडलं.

उंटावरचा_शहाणा | मंगळवार, दुपारी १:२५

ताई, तुमच्या फेरफाराला आमच्याकडे एडीआर (आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड) म्हणतात. मायकेल नायगार्डने २०११ मध्ये मांडलेली पद्धत. प्रत्येक मोठ्या निर्णयाची एक छोटी फाइल : परिस्थिती काय होती, काय ठरवलं, त्याचे परिणाम काय. निर्णय फिरला तरी जुनी फाइल काढायची नाही, ‘हिच्या जागी अमुक नंबरची’ अशी खूण करायची. तुमच्या वडिलांना रॉयल्टी मिळायला हवी.

सातबारा | मंगळवार, दुपारी १:४८

ते म्हणतील, आधी माझी थकलेली वेतनवाढ द्या.

गार्डचा_डबा | मंगळवार, सायंकाळी ६:३०

मी रेल्वेत स्टेशन मास्तर होतो, निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. सर्टिफिकेट वगैरे मला कळत नाही, पण दुखणं ओळखीचं आहे म्हणून लिहितो.

प्रत्येक स्टेशनचे स्वतःचे नियम असतात, स्टेशन वर्किंग रूल्स. लाइनी किती, सिग्नल कुठे, फाटक कोणतं, बिघाड झाला तर काय, हे सगळं त्या एका स्टेशनापुरतं. तुम्ही पंचवीस वर्षं मास्तर असा, नव्या स्टेशनवर गेलात की ते वाचल्याशिवाय चार्ज मिळत नाही. वाचलं आणि समजलं अशी सही अ‍ॅश्युरन्स रजिस्टरमध्ये करायची. लांबच्या रजेवरून परत आलात तरी पुन्हा सही, कारण मधल्या काळात काही बदललं असेल.

नियम बदलला की वरून करेक्शन स्लिप यायची. ती गोंदाने पुस्तकात जागच्या जागी डकवायची. काही पुस्तकं इतकी फुगायची की मिटत नसत. पण उघडलं की आजचा नियम वर आणि जुना त्याच्याखाली. चिठ्ठी आली आणि नुसती पुस्तकात खोचून ठेवली तर इन्स्पेक्टर आल्यावर खरडपट्टी ठरलेली.

आता खरं सांगतो. रजिस्टरमध्ये सह्या न वाचता व्हायच्या. मीही केल्या आहेत. नंतर मला एक सीनिअर मास्तर भेटले, ते सही करू देण्याआधी एक प्रश्न विचारायचे. एकच. “तीन नंबरवर मालगाडी उभी आहे, मेन लाइनचा पॉइंट फेल झालाय, पहिलं काय करणार?” उत्तर अडखळलं की म्हणायचे, “चहा घ्या आणि पुस्तक घेऊन बसा.” पुढे पंधरा वर्षं मीही तेच केलं.

नवी_विटी | मंगळवार, सायंकाळी ७:१५

काका, दंडवत.

मी जुलैमध्ये कॉलेजातून नोकरीत आले. ऑनबोर्डिंगच्या पानावर अकरा लिंका होत्या, त्यातल्या चार मेलेल्या. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून दोन दिवस कोणाला विचारलंच नाही. नंतर कळलं की सगळ्यांना माहीत होतं. “अगं ते पान बघू नकोस, मला विचार,” हे मला पाच वेगवेगळ्या लोकांनी सांगितलं. पाचही जणांना पान चुकीचं आहे हे ठाऊक. दुरुस्त एकानेही केलं नाही.

मग मी केलं. कारण मला माहीत नव्हतं की ते आपलं काम नाही.

केटी_पीडित | मंगळवार, सायंकाळी ७:३२

शेवटचं वाक्य वाचून दोन मिनिटं गप्प बसलो.

भोसरी_शॉपफ्लोअर | मंगळवार, रात्री ९:२०

दुपारी घाईत होते, आता सविस्तर लिहिते. मी एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आयएसओ ९००१ हे गुणवत्तेचं मानक असल्यामुळे आमच्याकडे कागदाला जन्मतारीख, आवृत्ती क्रमांक, तयार करणाऱ्याची सही, मंजूर करणाऱ्याची सही, सगळं असतं. नवी आवृत्ती आली की मशीनवरची जुनी काढून घ्यायची, संदर्भासाठी ठेवली तर तिच्यावर लाल शिक्का. ऐकायला झकास. प्रत्यक्षात ऑडिटच्या आदल्या रात्री अर्धा विभाग तारखा जुळवत बसतो. २०१५ च्या आवृत्तीत त्यांनी क्वालिटी मॅन्युअलची सक्ती काढून टाकली, तरी आमच्याकडे ते जाडजूड बाड आहेच. साहेबांच्या टेबलावर भारदस्त दिसतं.

पण त्यातून एक गोष्ट शिकले. आमच्या प्रेसवरच्या वर्क इन्स्ट्रक्शन्स इंग्रजीत होत्या. ऑपरेटर बघायचेसुद्धा नाहीत. डाय (साचा) बदलताना एक शिम (अंतर भरायची पातळ पट्टी) उलटी बसायची, महिन्यातून एकदा तरी, आणि शंभर-दीडशे पीस स्क्रॅप. मी त्या मराठीत केल्या तरी फरक पडला नाही! कारण मी ‘अंतरपट्टी’ लिहिलं होतं. मशीनवरचे दादा म्हणाले, “मॅडम, ही लग्नातली का?” फ्लोअरवर तिला शिमच म्हणतात. मग त्यांनाच बोलायला लावलं आणि बोलले तसं लिहिलं, मोबाइलवर फोटो काढून लावले, योग्य आणि उलटी शेजारी शेजारी. त्या पानाच्या कडा आता तेलाने काळ्या झाल्यात. स्वच्छ राहिलेल्या पानांकडे मी संशयाने बघते.

रात्रपाळी, तुमच्या विकीत पान किती वेळा उघडलं गेलं ते दिसतं ना? तेच तुमचं तेल.

जर्सीकर | बुधवार, सकाळी ६:५०

इथे न्यू जर्सीत ट्रेडिंगशी संबंधित सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्या धंद्यात हा विषय निघाला की नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीचं नाव निघतंच. १ ऑगस्ट २०१२. न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या एका नव्या सुविधेसाठी त्यांनी नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. चढला सातांवर. आठव्यावर २००३ पासून न वापरलेला जुना कोड तसाच पडलेला, आणि नव्या कोडने नेमका त्या जुन्या कोडचाच फ्लॅग (चालू-बंद करायची खूण) पुन्हा वापरायला घेतलेला. बाजार उघडला आणि आठव्या सर्व्हरने ऑर्डरींचा पाऊस पाडला. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून जास्त तोटा. कंपनी त्यातून स्वतःच्या पायावर उभी राहिली नाही, पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

ऑक्टोबर २०१३ मध्ये सेक या नियामकाने १ कोटी २० लाख डॉलर दंड केला. त्या आदेशातल्या दोन बारीक गोष्टी मला कायम आठवतात. एक, चढवलेला कोड दुसऱ्या माणसाने तपासावा अशी लेखी पद्धतच नव्हती. दोन, त्या दिवशी बाजार उघडण्याआधी सिस्टीमने ९७ ईमेल पाठवल्या होत्या, त्यात त्या जुन्या कोडचं नावसुद्धा होतं. त्या ईमेल इशारा म्हणून कोणी वाचतच नसे. लेखी इशारा होता, योग्य लोकांच्या इनबॉक्समध्ये होता, वेळेआधी होता.

चिवडा_लाडू | बुधवार, सकाळी ७:३०

९७! माझ्या इनबॉक्समध्ये सध्या ‘सर्टिफिकेट १४ दिवसांत संपतंय’ असे किती पडलेत ते बघून येतो.

(आलो. दोन आहेत. आभार.)

ढोबळमानाने | बुधवार, सकाळी ११:००

कशाला एवढं डोकं लावताय, एआय आहे ना. आमच्याकडे सगळ्या विकीवर चॅटबॉट बसवलाय. विचारा आणि उत्तर घ्या. शोधाशोध बंद.

सातबारा | बुधवार, सकाळी ११:२२

आमच्याकडेही आहे. मागच्या महिन्यात त्याला रिलीज मागे कसा घ्यायचा ते विचारलं. विकीवर त्याची तीन पानं होती, तीन वेगवेगळ्या काळातली. त्याने तिन्हींतून थोडं थोडं घेऊन चौथी पद्धत तयार केली, जी या कंपनीत कधीच अस्तित्वात नव्हती. भाषा मात्र अशी ठाम की माझाच स्वतःवरचा विश्वास डळमळला. जुन्या पानांना कंस केलेला नसेल तर त्या बिचाऱ्याला तरी कसं कळणार, मूळ मालक कोण आणि वारस कोण?

ढोबळमानाने | बुधवार, सकाळी ११:४०

हा मुद्दा आहे. बघतो आमच्याकडे.

रात्रपाळी | सहा आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ४:००

धागा वर काढतोय. तुम्ही इतकं भरभरून लिहिलंत, तर काय केलं ते सांगणं लागतो.

आधी फसलेलं सांगतो. दर शुक्रवारी अर्धा तास सगळ्यांनी पानं तपासायची असं ठरवलं. पहिल्या शुक्रवारी सात जण, दुसऱ्या शुक्रवारी तीन, तिसऱ्या शुक्रवारी मी आणि माझा चहा. बंद केलं. प्रत्येक पानावर मालकाचं नाव टाकलं, तर एकाच नावावर ६० पानं आली. त्या माणसाने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला. आता एकाच्या नावावर पंधराच्या वर पानं नाहीत. जास्त झाली तर ती दुसऱ्याला शिकवायची, नाहीतर पान संग्रहात टाकायचं. ३४० पैकी २१० पानं संग्रहात गेली. शोधात येत नाहीत, पण आहेत. एकाचीही आठवण अजून कोणाला झालेली नाही.

जमलेलं म्हणजे काकांचा एक प्रश्न. आमच्याकडे पानावर ‘शेवटचा बदल’ ही तारीख आपोआप येते, ती फसवी आहे. कोणीतरी स्वल्पविराम सुधारला तरी पान ताजं दिसतं. आम्ही वर हाताने दुसरी तारीख लिहायला लागलो : ‘हे वाचून शेवटचं कोणी आणि कधी करून बघितलं’. आणि करून बघणारा तो, ज्याने आधी कधीच केलेलं नाही. लिहिणारा शेजारी बसतो, हाताची घडी घालून. बोलायचं नाही. पहिल्या खेपेला आमच्या सर्वांत नव्या मुलाने बॅकअप परत आणायचं पान घेतलं. दुसऱ्याच टप्प्यावर त्याने विचारलं, “हा पासवर्ड कुठून आणायचा?” लिहिणाऱ्याने तोंड उघडलं, मी डोळे वटारले. चाळीस मिनिटांत सोळा दुरुस्त्या निघाल्या. त्यातल्या पाच ‘नेहमीप्रमाणे’, ‘योग्य तो’, ‘संबंधित’ असल्या शब्दांच्या. हे तीन शब्द आता आमच्याकडे शोधून शोधून काढले जातात.

सर्व्हर बंद करणाऱ्या टिकटमध्ये आता एक रकाना आहे : ‘या सर्व्हरचं नाव कोणकोणत्या पानांवर आहे?’ इन्फ्रावाले कुरकुर करतात, पण भरतात. सर्टिफिकेट नव्वद, तीस आणि सात दिवस आधी ओरडतं, ईमेलवर नाही, थेट ऑन-कॉलच्या फोनवर. जर्सीकरांमुळे.

केटी_पीडित, तुमच्या मुद्द्यावर माझ्याकडे उत्तर नाही. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये लिखापढीसाठी रकाना मागितलाय, बघू.

केटी_पीडित | रविवार, दुपारी ४:४५

मागितलात हेच खूप. मिळाला तर इथे सांगा, मी अर्ज टाकतो.

नवी_विटी | रविवार, सायंकाळी ५:१०

हाताची घडी हे आमच्या लीडला दाखवलं. ते म्हणाले, छान आहे, पानावर लिहून ठेव.

हळदीतला_मामा | रविवार, रात्री ९:५५

या धाग्यासाठीच खातं काढलं. तो फोन उचलणारा मी. वर कोणीतरी मला ‘आपल्यातलाच’ म्हटलंय, म्हणून खुलासा. मी ते पान लिहिलं तेव्हा आपल्याकडे तसा एकच सर्व्हर होता रे. ‘नेहमीचा’ लिहिलं कारण दुसरा नव्हताच. दुसरा आला तेव्हा मला ते पान आठवलं नाही, एवढंच.

आणि सहावा टप्पा तपासलास का? मला वाटतं तोही आता चुकीचा असणार.

रात्रपाळी | रविवार, रात्री १०:०३

सहावा?! इथे लिहू नका, मी फोन करतो. आज कुठे हळद नाही ना?